लालबाग ते मावळ : एका साध्या गाडीची फेरी

वाचकहो, वाहन चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करताना आपल्यापैकी अनेकांनी 'नमुना १-अ' हा कागद हाताळला असेल. वयाची चाळिशी ओलांडली की तो नोंदणीकृत डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. लालबागच्या माझ्या दवाखान्यात असे कागद नेहमीच येतात आणि बहुतेकांची अपेक्षा एकच असते : "डॉक्टर, तेवढी सही करून टाका." त्या कागदावर एक साधा प्रश्न आहे. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक अर्जदाराला वाचता येतो का? मी माणसाला दवाखान्याच्या पायरीवर उभे करतो आणि समोरच्या फुटपाथलगतच्या गाडीचा क्रमांक वाचायला सांगतो. वाचला, की निम्मे काम झाले असे मानण्याची आम्हा डॉक्टरांना सवय आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या कागदांत एक कागद माझ्या वडिलांचा होता. वय ८१. परवान्याची मुदत संपायला सात आठवडे उरले होते. त्यांना पाटी वाचता येत होती, स्वच्छ वाचता येत होती. आणि तरीही माझा हात सहीसाठी उठत नव्हता. त्या सात आठवड्यांत आम्ही दोघांनी केलेला एक छोटा प्रवास आज आपल्याला सांगायचा आहे. ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांच्या हातून गाडीची किल्ली काढून घेण्याचा प्रसंग उभा आहे, त्यांना तो उपयोगी पडेल असे वाटते.

बाबा १९६२ च्या सुमारास कोकणातून मुंबईत आले. तेव्हा दादरपर्यंत ट्राम धावत होती. ३१ मार्च १९६४ रोजी ती कायमची थांबली. 'दादर टीटी' या नावातला ट्रामचा 'टी' तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. बाबा परळच्या एका गिरणीत फिटर म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. संप लांबला, घरातले डबे रिकामे होऊ लागले, तेव्हा त्यांनी बिल्ला काढला आणि रात्रपाळीने दुसऱ्याची टॅक्सी चालवायला घेतली. ती पद्मिनी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी मूळची फियाट ११००, जिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, आणि मीटर डाव्या अंगाला, काचेच्या बाहेर. त्याच टॅक्सीच्या भाड्यावर माझे वैद्यकीय शिक्षण झाले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईत धावत नाही. ती बातमी वाचून बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते पान कपाटात ठेवून दिले.

टॅक्सीतून उतरल्यानंतरही त्यांचा एक नेम टिकून होता. रविवारी सकाळी माझी जुनी अल्टो घेऊन ते लालबागहून गिरगावला जात. चिंचपोकळीचा पूल, सात रस्ता, मुंबई सेंट्रल, मग लॅमिंग्टन रोडने ऑपेरा हाऊस. तिथल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत त्यांच्या ओळखी होत्या. रविवारी दुकाने बंद असली तरी फळीवर बसून चहा होई. मग ठाकूरद्वार, खोताच्या वाडीच्या तोंडाशी पाच मिनिटे, आणि परत. सबंध रस्ता ते मला गिऱ्हाइकांच्या आठवणींतून दाखवत. या कोपऱ्यावर प्रसूतीच्या कळा येत असलेली बाई बसली होती, या इमारतीतले नाटकवाले शेवटच्या प्रयोगानंतर दादरला सोडायला सांगत. शहराचा त्यांचा नकाशा माणसांचा होता.

दीड वर्षापूर्वीच्या अशाच एका रविवारी, मुंबई सेंट्रलजवळ, डाव्या बाजूने पाववाल्याची सायकल आली. मला ती बरीच आधी दिसली. बाबांना दिसत असेलच असे गृहीत धरून मी बोललो नाही. अगदी शेवटच्या क्षणी मी हँडब्रेक ओढला. सायकलस्वाराला खरचटलेही नाही. पाव मात्र रस्ताभर झाले. बाबांनी उतरून सगळे पाव वेचले, त्याला पैसे दिले आणि गाडीत बसता बसता म्हणाले, "आला कुठून हा?"

वाचकहो, हे तीन शब्द लक्षात ठेवा. 'आला कुठून', 'दिसलाच नाही', 'एकदम समोर उभा राहिला' असे घरातले ज्येष्ठ वारंवार म्हणू लागले, तर तो निष्काळजीपणा समजून रागावू नका. डोळे तपासून घ्या. मी साधा एमबीबीएस डॉक्टर, नेत्रतज्ज्ञ नव्हे. पण तेवढे मला उमगायला हवे होते. नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, तिला पेरिमेट्री म्हणतात. काचबिंदू निघाला. या आजारात दुखत नाही, डोळा लाल होतोच असे नाही, आणि समोरचे वाचता येत राहते; कडेचे दिसणे मात्र हळूहळू झिजत जाते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचा डावीकडचा बराच भाग गेलेला होता. गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली जपता येते. आणि २५ मीटरवरची पाटी वाचायला कडेची नजर लागतच नाही. म्हणून ती कसोटी बाबा आजही उत्तीर्ण होतात.

किल्ली मी खिळ्यावरून काढून माझ्या कपाटात ठेवली. डॉक्टर म्हणून ते योग्य होते. मुलगा म्हणून मी ते फार वाईट रीतीने केले : एका संध्याकाळी, एका वाक्यात, जेवणाच्या ताटावर. त्यानंतर बाबांचे बोलणे कमी झाले. रविवारी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसत आणि उड्डाणपुलावरची वाहने बघत. भूक कमी झाली, झोप तुटू लागली, वजन तीन किलो उतरले. रक्त तपासले, त्यात काही नव्हते. माझ्या हातून एक धोका टळला होता आणि दुसरा सुरू झाला होता.

नूतनीकरणाचा कागद घेऊन ते स्वतः दवाखान्यात आले, रांगेत बसले, नंबर आल्यावर आत आले. "सही नको करूस," ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. फक्त एक सांगायचं होतं. वीस वर्षं टॅक्सी चालवली. कधी मोकळी नाही चालवली. मागे गिऱ्हाईक, पुढे सिग्नल, बाजूला मीटर. एकदा तरी मोकळी चालवायची होती."

त्या आठवड्यात माझ्या पुतण्याने 'ट्रॅक डे' हा शब्द मला सांगितला. आपल्यालाही तो नवा असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मोटारशर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त धावपट्टीवर एखादा दिवस सर्वसामान्यांना आपापली गाडी आणू देतात. ही शर्यत नसते. क्रमांक नसतो, बक्षीस नसते. पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या असतात, अनुभवाप्रमाणे गट पाडलेले असतात, ओलांडायचे ते फक्त सरळ रस्त्यावर, आणि तेही पुढच्याने हाताने वाट दिल्यावर. ग्रेटर नोएडाची बुद्ध सर्किट, चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरची कारी या आपल्या देशातल्या मोठ्या धावपट्ट्या. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धातल्या चेन्नईजवळच्या शोलावरमच्या विमानपट्टीवर शर्यती होत आणि तिथे फियाटही धावत. हे ऐकताना बाबांनी मान वर केली. "आपली फियाट?" त्यांनी दोनदा विचारले.

आम्हाला एवढे लांब जायचे नव्हते. मावळात एका छोट्या धावपट्टीवर असा दिवस ठरला होता. मी संयोजकांना फोन करून सगळे खरे सांगितले : गाडी जुनी, ७९६ सीसीची, काहीही बदल न केलेली, चालक पन्नाशीतला आणि नवशिका, सोबत ८१ वर्षांचे वडील, काचबिंदू असलेले, ते फक्त बघतील. जमल्यास मधल्या सुट्टीत रिकाम्या पट्टीवर सावकाश एक फेरी मारू द्याल का, हेही विचारले. नेत्रतज्ज्ञांचे मत आधी घेतले होते. ते म्हणाले, "रस्त्यावर मुळीच नाही. रिकामी जागा, मंद वेग आणि शेजारी तुम्ही, तर माझी हरकत नाही." संयोजकांनी परवान्याची प्रत मागवली, मुदत तपासली आणि मान्य केले.

इथे एक विरोधाभास आपल्या लक्षात येईल. मरीन ड्राइव्हवर किंवा सागरी मार्गावर मध्यरात्री सायलेन्सर फाडून गाड्या पळवणारे तरुण 'वेगाची हौस' म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रशिक्षणाच्या काळात परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात मी अशा हौसेचे शेवट रात्री दोन वाजता पाहिले आहेत. वेगाला बंदिस्त जागा दिली, तर त्यातून शिस्तही शिकता येते. ज्यांच्या घरी वीस-बावीस वर्षांचा नातू आहे, त्यांनी त्याला रागावण्याआधी ही माहिती जरूर द्यावी.

गाडीची तयारी परळच्या गॅरेजमध्ये झाली. बाबा स्टुलावर बसून देखरेख करत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोठा झाला होता. खर्च फारसा नव्हता. ब्रेक ऑइल बदलले, कारण जुन्या ऑइलमध्ये ओलावा मुरतो आणि ब्रेक तापले की ते लवकर उकळते; मग पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. घाटात ब्रेक का सोडतात, त्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. ब्रेकचे पॅड पाहिले, टायरची नक्षी आणि वय पाहिले, चाकांचे नट आवळले, कूलंट भरले. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपती असे सुटे जे होते ते त्या दिवशी काढून ठेवायचे होते. गणपती बाबांनी खिशात ठेवला. विम्याचा कागदही मी वाचला. शर्यत किंवा वेगचाचणीत झालेले नुकसान नेहमीच्या वाहन विम्यात धरत नाहीत. तेव्हा जे मोडेल ते आपल्या खिशातून, हे मनाशी पक्के करूनच निघालो.

शरीराची तयारीही तितकीच महत्त्वाची. हे मी माझ्या वयाच्या वाचकांसाठी लिहितो. वेगात गाडी वळवताना मान आणि खांद्यांवर ताण येतो, हृदयाचे ठोके वाढतात, हेल्मेटमध्ये घाम येतो आणि पाणी कमी पडते. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, मानेचा त्रास हातात उतरत असेल, चक्कर किंवा फिट येत असेल, तर हा छंद बघण्यापुरताच ठेवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीत बसू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी जाऊ नये, खिशात साखर ठेवावी. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो. आदल्या आठवड्यात तीन वेळा मोजून, ठीक आहे असे पाहूनच गेलो.

आम्ही पहाटे साडेचारला निघालो. भारतमाताजवळ दिवे होते, चिवडा गल्ली बंद होती, मसाल्याचा वास मात्र झोपलेला नव्हता. हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल. वर्षभर गुदमरलेला डॉ. आंबेडकर रोड त्या वेळी अगदी मोकळा होता. पुतण्या मागे बसला होता. बाबा माझ्या डाव्या हाताला. "इथं ट्राम वळायची," ते दादरला म्हणाले. पुढे एक्स्प्रेसवेवर उजाडले.

धावपट्टी पाहून प्रथम मी थोडा खजील झालो. रुंद टायरांच्या, नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगेत आमची अल्टो डॉक्टरांच्या बैठकीत चुकून शिरलेल्या पेशंटसारखी दिसत होती. पण पहिल्याच तासात कळले की सर्वांत जास्त शिकायला मिळते ते अशाच गाडीत. ताकद कमी, म्हणून चूक लपत नाही. वळणावर उगाच ब्रेक लावला तर पुढचा अख्खा सरळ पट्टा गाडी रांगत राहते. शिकवणाऱ्या तरुणाने तीन गोष्टी सांगितल्या. ब्रेक सरळ रेषेत असतानाच पूर्ण लावून घ्या, मग वळा. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असे वळण रुंद करा. आणि जिथे जायचे आहे तिथे बघा. नजर जाईल तिकडे हात जातात. झेंड्यांची भाषाही समजावली : पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे फेरी थांबवून परत या, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. मला दिवसभर निळाच झेंडा दिसला.

तरीही सांगतो, ताशी पन्नासच्या वळणावर त्या चार बारीक टायरांनी कुरकुर केली, गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर झुकलेले मला बसल्या जागी जाणवले, आणि तीस वर्षे गाडी चालवूनही गाडी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते हे उमगले. दुसऱ्या फेरीनंतर उतरलो तेव्हा शर्ट भिजला होता आणि मी हसत होतो. कठड्यापाशी बाबा उभे होते. "तिसऱ्या वळणाला ब्रेक उशिरा मारतोस," ते म्हणाले. शिकवणारा तरुण म्हणाला, "काका बरोबर सांगतात."

जेवणाच्या सुट्टीत पट्टी रिकामी झाली. मार्शलची गाडी पुढे, आमची मागे. बाबा उजवीकडे बसले, हेल्मेट घालून. मी डावीकडे, हात हँडब्रेकवर. त्यांनी आधी खुर्ची पुढे घेतली, आरसे लावले, क्लच दोनदा दाबून पाहिला. गणपती खिशातून काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. मग निघाले. ताशी तीस, पस्तीस, चाळीस. वळणे त्यांनी रुंद घेतली. सकाळपासून कठड्यावरून त्यांनी ती पाठ केली असावीत. डावीकडून पाववाला येणार नव्हता, शाळकरी मूल धावणार नव्हते, कुणी हात करून थांबवणार नव्हते. त्यांच्या नजरेतून जे गेले होते ते कडेचे होते, आणि या रस्त्याला कडेने येणारे कुणीच नव्हते. सरळ पट्ट्यावर एकदा त्यांची मान सवयीने डावीकडे, काचेच्या बाहेर वळली. तिथे मीटर नव्हता. ते पुन्हा समोर बघू लागले.

दोन फेऱ्या झाल्या. आत वळताना त्यांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढून इशारा दिला, टॅक्सीवाले देत तसा. मागे कुणीच नव्हते. गाडी थांबली, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.

परतताना ते चेंबूरपर्यंत झोपले. लालबागला उतरल्यावर त्यांनी टेबलावरचा नमुना १-अ उचलला, चार घड्या घातल्या आणि वर्तमानपत्राच्या त्या पानाशेजारी कपाटात ठेवला. परवान्याची मुदत पुढे आपोआप संपली.

वाचकहो, प्रत्येकाला धावपट्टी मिळणार नाही, आणि प्रत्येकाने तिथे जावे असेही माझे म्हणणे नाही. डोळ्यांची, विस्मरणाची किंवा तोल जाण्याची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना मैदानात, गावच्या रस्त्यावर 'एक शेवटची फेरी' घरच्या घरी देऊ नका. बाबांना दिली ती तज्ज्ञांच्या मताने, संयोजकांच्या संमतीने, मार्शलच्या मागून. सांगायचे आहे ते वेगळे. किल्ली हे फक्त एक साधन नाही. तिच्यात माणसाची कमाई, त्याचे रस्ते, त्याचा रविवार असतो. ती काढून घ्यायची वेळ आलीच, तर आधी तपासणीचा अहवाल त्यांच्यासमोर ठेवा, निर्णयात त्यांना सामील करा, आणि किल्लीबरोबर काय काय जाणार आहे ते विचारा. त्यातले जेवढे दुसऱ्या वाटेने परत देता येईल तेवढे त्याच आठवड्यात द्या. मी ते दीड वर्ष उशिरा केले. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर सर्व भावंडांनी, मुलांनी डोळे तपासून घ्यावेत. तो कुटुंबात उतरू शकतो. मीही तपासून घेतले.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावपर्यंत जाते. रविवारी सकाळी मी बाबांना स्टेशनापर्यंत सोडतो, पुतण्या सोबत जातो. लिफ्टने खाली, गिरगावला लिफ्टने वर, मग पायी ठाकूरद्वार. इस्त्रीचा शर्ट आहे. गेलेल्यांपैकी दोन किलो वजन परत आले आहे. त्यांची एकच तक्रार आहे : जमिनीखालून जाताना मुंबई सेंट्रल कुठे गेले ते कळत नाही. म्हणून पुतण्या प्रत्येक स्टेशन त्यांना मोठ्याने सांगतो, आणि ते त्याला वरच्या रस्त्यावर कोण कुठे बसले होते ते सांगतात.